मोकळा हॉल

४ जानेवारी

घराची किल्ली मिळाली. आजपासून रोजनिशी. यशाचे टप्पे त्या त्या वेळी लिहून ठेवलेले बरे, नंतर आठवत नाहीत.

घर जुनं आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. ओळीत एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांपैकी एक. लोकांना त्यात ओल दिसते, मला संधी दिसते. राहता फ्लॅट विकून घेतलं. योजना सोपी: तीन महिन्यांत चकाचक करायचं, चौथ्यात विकायचं, पाचव्यात दुसरं घ्यायचं. पंख्यांच्या कंपनीत चोवीस वर्षं तक्रार विभाग सांभाळला. निरोपाच्या वेळी साहेब म्हणाले होते, तुमच्यासारख्या माणसाने इथे अडकून पडू नये. स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत माझं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं होतं.

ही म्हणाली, आणि नाही विकलं गेलं तर? मी म्हणालो, सुरुवातीलाच अपशकुन नको. म्हणाली, अपशकुन नाही, प्रश्न आहे.

प्रश्नाची नोंद घेतली.

७ जानेवारी

वरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. खाली काम, वर संसार. कन्येची परीक्षा मार्चअखेर. तिला रस्त्याकडची खोली दिली, खालच्या हॉलच्या बरोबर वरची. म्हणाली, बाबा, चाललं की जमीन करकरते. लाकडी आहे, करकरणारच. जाहिरातीत यालाच 'कॅरेक्टर' म्हणतात.

शेजारी एक मावशी राहतात. त्यांचे यजमान दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेत. मावशी विचारायला आल्या, ठोकाठोक किती दिवस चालेल, आवाजाने हे दचकतात. मी म्हणालो, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. चोवीस वर्षांत हे वाक्य कधी फसलं नाही. मावशी म्हणाल्या, ते ठीक आहे, पण किती दिवस?

१२ जानेवारी

मिस्त्री ठरवला.

मेहुण्याने, म्हणजे हिच्या धाकट्या भावाने, त्याच्या ओळखीचा इंजिनिअर सुचवला होता. मेहुण्याचं सायकलींचं दुकान आहे. सावध माणूस. रस्ता रिकामा असला तरी दोनदा बघून ओलांडतो. त्याला नको म्हटलं. इंजिनिअर म्हणजे पैसे घेऊन नाही म्हणणारा माणूस. माझा मिस्त्री कशालाच नाही म्हणत नाही. जिना फिरवता येईल का? होऊन जाईल. बाथरूम वर नेता येईल का? होऊन जाईल. पंधरा दिवसांत? होऊन जाईल. अशी सकारात्मक माणसं आजूबाजूला हवीत. ही त्याला 'होऊनजाईल' याच नावाने हाक मारायला लागली आहे. तो ओ देतो.

१९ जानेवारी, दुपारी

मोठी कल्पना सुचली. खालच्या दोन खोल्यांमधली भिंत काढायची! हल्ली मासिकांत बघावं तिथे हॉल मोकळे. पुढच्या दारातून थेट मागचं अंगण दिसलं पाहिजे. आत पाऊल टाकताच माणसाने आ वासला पाहिजे.

हिने विचारलं, त्या भिंतीवर काय टेकलंय? मी म्हणालो, काहीच नाही. नंतर वर पाहिलं तर तुळया टेकल्या होत्या. पण नुसत्या टेकल्या होत्या. मिस्त्रीला विचारलं. म्हणाला, तुळया काय हो, सवयीने टेकतात. होऊन जाईल.

२२ जानेवारी

भिंत गेली. पहिला घाव मी घातला, कन्येने फोटो काढला. दुसराही घालणार होतो, पण पाठीत उसण भरली. मग खुर्चीत बसून देखरेख केली. संध्याकाळी हॉलमध्ये इतका उजेड की मीच दारात थबकलो.

मेहुणा आला होता. हॉलकडे बघायचं सोडून वरच बघत उभा राहिला. म्हणाला, भावोजी, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. मी म्हटलं, तुलाच दाखवतोय की. चहा न घेता गेला. दुसऱ्याचं बरं चाललेलं सगळ्यांनाच बघवत नाही.

५ फेब्रुवारी

मावशींची तक्रार. दार लागताना वरून घासतं. सांगितलं, हवेत दमटपणा आहे, लाकूड फुगतं. म्हणाल्या, हवा तर कोरडी आहे. मी म्हणालो, लाकडाला ते उशिरा कळतं.

पटलं असावं. घरी गेल्या.

१६ फेब्रुवारी

हॉलच्या मावशींच्या घराकडच्या भिंतीवर, छताच्या खाली, एक रेघ. केसाएवढी. घर नव्या मोकळेपणाशी जुळवून घेतंय. आपणही नव्या चपला घातल्या की चार दिवस चावतात. पुट्टी भरून रंग मारला. विषय संपला.

२४ फेब्रुवारी

विषय पुन्हा निघाला. त्याच जागी. आता रेघ नाही म्हणता येणार, पण फट तर मुळीच म्हणता येणार नाही. तिथे आम्हा तिघांचा फोटो लावला. घर कसं घरासारखं दिसतं.

३ मार्च

फोटो लहान पडला. जगाचा नकाशा लावला. गिऱ्हाइकावर छापही पडते. कन्या म्हणाली, बाबा, ऑस्ट्रेलियाच्या खालून बाहेर आलीये बघा. या मुलीचं भूगोलात लक्ष आहे, एवढं तरी कळलं.

मिस्त्री तीन दिवस फिरकला नाही. फोन बंद. काळजीचं कारण नाही, त्याचा घण आणि दोन घमेली इथेच आहेत. कारागीर आपलं हत्यार टाकून जात नसतो.

१० मार्च

मावशींच्या खिडकीची काच तडकली. म्हणे आपोआप. दार आता खांद्याने ढकलावं लागतं. म्हणाल्या, पंचवीस-तीस वर्षं राहतेय, असं कधी झालं नव्हतं. मी सवयीने म्हणालो, लेखी द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी घाईने म्हणालो, नाही, म्हणजे मी स्वतः येऊन दाराला रंधा मारून देतो.

जाताना म्हणाल्या, हे दिवसभर छताकडे बघत असतात. पडून असलेला माणूस दुसरीकडे कुठे बघणार? हे मनात म्हटलं. तेवढा पोच आहे मला.

मिस्त्री नाही. घण आहे.

१४ मार्च

मावशींकडे रंधा घेऊन गेलो. दाराची चौकटच एका बाजूला कलली आहे. वरचा कोपरा तासून दिला. दार लागलं. मावशींना इतका आनंद झाला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

निघताना मावशींच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, खाटेपाशी गेलो आणि त्यांच्यासारखंच वर पाहिलं. आमच्या हॉलच्या तुळया भिंतीतून सरळ त्यांच्या घरात गेल्या आहेत. एकच लाकूड, दोन घरांत. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. काका माझ्याकडे बघत होते. त्यांना बोलता येत नाही, त्यामुळे काय म्हणायचं होतं ते कळायला मार्ग नाही.

घरी आल्यावर रात्री जेवलो नाही. दुपारचं जेवण जड झालं असावं.

१५ मार्च

कन्येला आमच्या मागच्या खोलीत हलवलं. पुढच्या खोलीत अभ्यासाला उजेड कमी पडतो, असं कारण सांगितलं. कन्या म्हणाली, तिथेच तर जास्त उजेड आहे.

कन्येचं अंथरूण मी आणलं होतं. हिने जाऊन तिची पुस्तकं आणली, कपडे आणले, टेबलावरचा दिवासुद्धा आणला आणि ती खोली बाहेरून कडी लावून बंद केली. मग म्हणाली, तुम्हाला माहितीये ना? मी म्हणालो, काय?

म्हण आहे, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. आमचे वासे आधी फिरायला निघालेत. पण हे लिहिण्यापुरतं. प्रत्यक्षात दोन बोटांची फट आहे, बस.

२० मार्च

गिऱ्हाईक!

डोळ्यांचे डॉक्टर आणि त्यांची पत्नी. बाईंनी आत पाऊल टाकलं आणि खरोखर आ वासला. एकदा नाही, दोनदा. डॉक्टर म्हणाले, रविवारी येऊन बयाणा देतो. मी म्हणालो, घाई नाही. आवाज थोडा चिरकला.

ते गेल्यावर भांडण. ही म्हणाली, त्यांना सांगायचं. मी म्हणालो, काय सांगायचं? घर आहे, घराला भिंती असतात, भिंतींना अधूनमधून काहीतरी होतं. ती म्हणाली, मी भावाच्या इंजिनिअरला बोलावते. मी हात जोडले. रविवार होऊ दे. फक्त रविवार. आपला फ्लॅट गेलाय, नोकरी गेलीये, हे एक घर आहे. म्हणाली, रविवारपर्यंत. सोमवारी सकाळी इंजिनिअर.

सोमवारी घर डॉक्टरांचं असेल. मग त्यांनी हवा तो इंजिनिअर बोलवावा.

२६ मार्च, रविवार, सकाळी ९

तयारी पूर्ण. नकाशा काढून तिथे कपाट उभं केलं. फट कपाटाच्या वरून थोडी डोकावते, म्हणून कपाटावर फुलदाणी. बसलेल्या माणसाला दिसत नाही. उभ्या माणसाला दिसते. डॉक्टर उंच आहेत. आल्या आल्या बसवायचं.

१०.३०

छतातून टक् असा आवाज आला. एकदा.

लाकूड उन्हात बोलतं.

पुन्हा आला.

२६ मार्च, संध्याकाळी, मेहुण्याच्या घरी

अक्षर बघवत नाही. तरी क्रमाने लिहितो.

डॉक्टर आणि बाई आले. बसवलं. चहा आला. बाई म्हणाल्या, किती मोकळं वाटतं हो! मी म्हणालो, इथे भिंत होती, माझ्या कल्पनेने काढली. डॉक्टरांनी मान वर केली. तेवढ्यात शेजारून भिंतीवर ठोकल्याचा आवाज. डॉक्टर म्हणाले, हे काय? मी म्हणालो, सुतारकाम. म्हणाले, रविवारी? म्हटलं, हौशी मंडळी आहेत. पुन्हा ठोकलं, आता जोरात, थांबेचना. मी उठून रेडिओ लावला. ही स्वयंपाकघरातून आली आणि रेडिओ बंद केला. मग नीट ऐकू आलं. मावशी ओरडत होत्या. दार उघडत नाही, वरून माती पडतेय, ह्यांच्या अंगावर पडतेय.

मी क्षणाचाही विलंब न लावता धावलो.

(ही म्हणते, धावण्याआधी मी डॉक्टरांना साखर हवी का विचारलं. मला आठवत नाही. कन्येला विचारलं. ती म्हणाली, दोनदा.)

मिस्त्रीचा घण कोपऱ्यात होता. उचलला. मावशींच्या दारावर वरून इतकं वजन आलं होतं की दार फुगून बाहेर आलेलं. डॉक्टर मागून ओरडले, चौकटीला मारू नका, मधल्या फळीला मारा! मारलं. पाठीत कळ आली, मारत राहिलो. फळी फुटली, मग दुसरी फुटली. आत धुरळा, काही दिसेना. मग दिसलं. खाटेच्या बरोबर वरची तुळई मधोमध वाकली होती. मावशी काकांच्या अंगावर ओणव्या झाल्या होत्या, स्वतःच्या डोक्यावर उशी धरून. मला बघून म्हणाल्या, आधी ह्यांना.

गादीसकट उचललं. एका बाजूला मी आणि डॉक्टर, दुसऱ्या बाजूला ही आणि डॉक्टरांच्या बाई. काकांचं वजन काहीच नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. एका हाताने, पण काय धरलं! रस्त्यावर आलो, गादी खाली ठेवली, तरी सोडेनात. आभार मानत असावेत. मावशी म्हणाल्या, घाबरलेत ते.

मग आत आवाज झाला. तुळईचं एक टोक सुटून खाली आलं. खाटेवर आलं. उशीच्या बाजूला.

हे लिहायचं नव्हतं.

डॉक्टरांनी आधी काकांची नाडी पाहिली. ओल्या रुमालाने त्यांच्या डोळ्यांतली माती काढली, अगदी हळू. मग उठून माझ्यासमोर आले आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मी तोंड उघडलं. चोवीस वर्षं माझ्याकडे प्रत्येक तक्रारीला एक वाक्य असायचं. आज एकही आलं नाही. ही माझ्या शेजारी उभी होती, केसांत सगळी माती. ती म्हणाली, हो. आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

दोघांनाही, म्हणाली.

डॉक्टर आणि बाई निघून गेले. बाईंच्या साडीला काकांच्या गादीचा कापूस चिकटला होता. त्यांना सांगावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

२७ मार्च

इंजिनिअर आला. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडला नाही. दोन्ही घरांत हातभर अंतरावर लोखंडी टेकू लावायला सांगितले. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, वर कुणी झोपत होतं का? मी म्हणालो, हल्ली नाही. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. हिने तोंड फिरवलं.

कन्या इथून, मेहुण्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीतून, परीक्षेला जाते. मावशी आणि काका त्यांच्या भाचीकडे.

मिस्त्रीला पुन्हा फोन लावला. लागला! सगळं सांगितलं. म्हणाला, काळजी करू नका साहेब, होऊन जाईल. मी फोन ठेवला.

१८ एप्रिल

निश्चय: झाल्या प्रकाराकडे अनुभव म्हणून बघायचं. पुढच्या घरात चुका टाळता येतील. हे हिला बोलून दाखवलं. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, पुढच्या कुठल्या घरात? निश्चय सध्या मनातच ठेवला आहे.

२९ जून

दोन्ही घरांची दुरुस्ती संपली. आमची मधली भिंत काढली होती तिथे आता लोखंडी खांब आणि त्यावर लोखंडी तुळई. मावशींना नवी चौकट, नवं दार, नवी काच, नवं छत. सगळं आमच्याच खर्चाने. मेहुण्याने इंजिनिअरकडून काम करून घेतलं, रोज दुकान उघडण्याआधी जाऊन उभा राहायचा. मला एकदाही काही बोलला नाही. एखादा टोमणा तरी मारायला हवा होता. सोपं गेलं असतं.

आम्ही घरी परत आलो. मावशी आणि काकाही.

२ जुलै

मावशींनी दार वाजवलं. वाटलं, आता ऐकावं लागणार. मनातल्या मनात तीन वाक्यं तयार केली. त्या म्हणाल्या, ह्यांना कुशीवर वळवायचंय, माझ्या एकटीच्याने होत नाही, या जरा. गेलो. वळवलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मावशी म्हणाल्या, उद्याही याल का, याच वेळेला?

हो म्हटलं.

१३ ऑगस्ट

जाहिरातीला चौथा आठवडा. 'भक्कम, नुकतेच मजबुतीकरण केलेले घर.' माणसं येतात, खांब बघतात, विचारतात, हे का करावं लागलं? मी सांगायला लागतो, खबरदारी म्हणून. तोवर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने त्यांना सगळं सांगितलेलं असतं. तो आमच्या घराला 'पाळणा' म्हणतो. एक गृहस्थ आत न येता फुटपाथवरूनच घर बघून गेले. पुढच्याने हेल्मेट काढलं नाही. स्कूटरवरून आला होता, विसरला असेल.

काकांकडे रोज जातो. आज कूस बदलताना त्यांनी हूं केलं. मावशी म्हणाल्या, डावीकडे जरा जास्त वळलं तर बरं वाटतं त्यांना. हे त्या मला पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. मी त्याची नोंद घेत होतो, आणि पूर्वीइतकंच वळवत होतो.

४ सप्टेंबर

घर विकलं गेलं!

योजनेप्रमाणेच. थोडं उशिरा, आणि घेतलं होतं त्याहून कमी किमतीला. घेणारा मेहुणा. दुकान मोठं करायला त्याने जे बाजूला ठेवलं होतं, ते यात घातलं. मी म्हणालो, विचार कर, गुंतवणूक म्हणून चांगलंच आहे पण. तो म्हणाला, भावोजी, गुंतवणूक नाही, ताई राहते तिथे. मग थांबून म्हणाला, तुम्ही पण राहाल ना, भाड्याने?

ही त्याच्याकडे बघून हसली. मार्चनंतर पहिल्यांदा हसताना पाहिली. माझ्यामुळे नव्हे, पण घरातच हसली.

सोमवारपासून मी दुकानात बसणार. गिऱ्हाइकांशी बोलायला माणूस हवाय, असं तो म्हणाला. माझ्या अनुभवाची कुणालातरी कदर आहे.

१७ सप्टेंबर

काल भाडेकरार झाला. मेहुण्याने सगळं वाचून दाखवलं, सावकाश. एक अट स्वतःच्या हाताने खाली लिहिली होती. वाचताना त्याने मान खाली घातली. भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर आधी विचारावं. मी म्हणालो, अर्थातच. कुठल्याही जबाबदार घरमालकाने हेच लिहिलं असतं.

आज हिला खाली हॉलमध्ये आरसा लावायचाय. तिने भिंतीवर पेन्सिलने खूण केली, खिळा दिला, हातोडी दिली आणि बाजूला उभी राहिली.

मेहुण्याला मेसेज टाकलाय. जागेचा फोटोही पाठवलाय. निळ्या खुणा आल्या आहेत.

अजून उत्तर नाही. आरसा हातात धरून बसलोय.